बिनसांध्याची भिंत

भिंतीत सांधा नव्हता. त्यानं हात फिरवून बघितला, डावीकडून उजवीकडे, मग उलटा, आणि तोही तळवा नाही, बोटांची मागची बाजू, कारण इतक्या वर्षांच्या रंगकामानं तळव्याचा नुसता दगड झालेला. सांधा लागला नाही. मग त्यानं पडदे ओढून घेतले, खिशातली बॅटरी काढली आणि भिंतीला चिकटवून तिरपी धरली. तिरप्या उजेडात भिंतीला काही लपवता येत नाही. समोरून अगदी शहाणीसुरती दिसणारी भिंत बाजूनं उजेड पडला की सगळं भडाभडा सांगून टाकते, कुठं हात अडखळला, कुठं रंग कमी पडला, कुठं कोण काम टाकून उठून गेलं. ही भिंत काही बोलेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत खडबडीत नक्षी एकसारखी चाललेली, बारीक उंचवटे, त्यांच्या बारीक सावल्या, आणि त्याच्या स्वतःच्या भिंतींत कुठं ना कुठं असायचीच ती उभी रेघ, दारामागं, कपाटाच्या बाजूला, ती कुठंच नाही. खरं तर तो एवढंच विचारायला आला होता की शेजारच्या खोलीसाठी काय सामान आणायचं. घर एका डॉक्टरीणबाईंचं. त्या दवाखान्यात गेलेल्या. त्याची बायको आणि लंबू आत स्वयंपाकघरात चहा पीत होते. लंबू काहीतरी सांगत होता आणि बायको हसत होती. त्यानं घाईघाईनं बॅटरी बंद केली आणि पडदे होते तसे सारले.

सांधा म्हणजे काय हे असल्या भिंती न केलेल्या माणसाला सांगावं लागेल. खडबडीत नक्षीची भिंत एकट्यादुकट्याचं काम नव्हे, तिला जोडी लागते. पुढचा माणूस लांब लवेच्या रोलरनं जाड रंगाचा पट्टा वरपासून खालपर्यंत चढवतो. मागचा माणूस त्या ओल्या पट्ट्यावरून नक्षीचा रबरी रोलर फिरवून उंचवटे उठवतो. पट्ट्याची कड ओली आहे तोवर नवा पट्टा तिला येऊन भिडला पाहिजे. कड वाळली की संपलं, मग वर मणभर रंग थापा, रेघ उठायची ती उठतेच. तोच सांधा. लग्न झाल्यापासून पुढचा रोलर त्याच्या हातात आणि मागचा बायकोच्या. आणि सांधा पडला की चूक कुणाची हे ठरलेलं होतं. मागच्या माणसाची. तू रेंगाळतेस म्हणून मला थांबावं लागतं, मी थांबलो की कड वाळते, असा त्याचा सरळ हिशेब. ‘हात चालव’, हे दोन शब्द तो भिंतीकडं तोंड करूनच म्हणायचा. बायको कधी उलटून बोलली नाही. पुढच्या माणसानं मागं वळून बघायचं नसतं, तेवढ्यात रंग ओघळतो. त्यामुळं ती मागं काय करत असे, कशी उभी असे, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. आता खांदा गेला होता. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, विश्रांती, दुसरा इलाज नाही. म्हणून लंबू आला. कुणी आणला? त्यानंच आणला! साध्या भिंती रंगवणाऱ्या एका टोळीतला हा ताडमाड माणूस, टोळी मोडल्यावर रिकामा बसलेला, त्याला यानंच हाक मारून बोलावलं, यानंच पुढचा रोलर त्याच्या हातात दिला, आणि वर बायकोला बजावलं की नवा आहे, सांभाळून घे.

चहा संपवून दोघं हॉलच्या उरलेल्या दुसऱ्या भिंतीला लागली, आणि तो उलट्या घातलेल्या बादलीवर बसून बघत राहिला. जायला हवं होतं. दुकान उघडलं असेल, तिथं जायला हवं होतं. पण पाय निघेना. लंबूला स्टूल लागत नव्हतं. नुसता हात वर केला की छताची कड, आणि तिथून रोलर असा खाली यायचा की बघणाऱ्याच्या अंगावर शहारा यावा. ‘आल्या का वहिनी?’ तो न वळता विचारायचा. ‘आले!’ ती म्हणायची. पुन्हा, ‘आल्या का?’ ‘अरे आले म्हणते ना!’ आणि हसायची. लंबू बेसूर गुणगुणायचा, मध्येच थांबून आपल्या धाकट्या मुलीनं काल काय प्रताप केला ते सांगायचा, आणि काम चालूच. आता बादलीवरच्या माणसाला जे दिसलं ते इतकं साधं होतं की आधी त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. बायको लंबूच्या मागं उभी राहून वाट बघत होती. तिचा पट्टा झालेला असायचा. ओली कड वीतभर सोडून, रबरी रोलर हातात उचलून धरून ती नव्या पट्ट्याची वाट बघत उभी असायची, आणि नवा पट्टा पडला रे पडला की तिचा रोलर त्यावर. लंबू काही हळू नव्हता. उलट त्याच्या चालीनं बादलीवरचा हा माणूस तरुणपणीही रंग चढवू शकला नसता. आणि ती लंबूच्याही पुढं होती.

म्हणजे ती कधीच मागं राहिली नव्हती. त्याला आठवलं ते चित्र नव्हे, आवाज. रबरी रोलर ओल्या रंगातून फिरताना चिकट चटचट आवाज होतो, तो आयुष्यभर त्याच्या पाठीमागं चाललेला. तिचा कामावरचा चेहरा त्याला आठवत नव्हता, कारण बघितलेलाच नव्हता, पण हा आवाज त्याच्या पाठीला पाठ होता. आणि आता बादलीवर बसल्या बसल्या त्याला लख्ख आठवलं की तो आवाज बंद पडायचा. तो अजून पट्ट्याच्या निम्म्यातच असायचा, ट्रेमध्ये रोलर बुडवायला वाकलेला असायचा, खांद्याची कळ तेव्हाही अधूनमधून यायचीच, आणि पाठीमागं शांत व्हायचं. त्या शांततेत ती उभी असणार. ती शांतता त्याला ऐकू यायची, नाही कशी? ऐकू यायची म्हणून तर तो ओरडायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच भिंतीला, त्याचा जोडीदार आला नाही म्हणून डबा घेऊन आलेल्या बायकोच्या हातात त्यानं गंमत म्हणून रोलर दिला, आणि तिनं तो असा चालवला, जशी काही ती हेच करत लहानाची मोठी झाली होती. घरमालकानं तिचं कौतुक केलं. त्याला तेव्हाही कुठंतरी बारीकसं खुपलं होतं. त्या भिंतीत सांधा पडला आणि त्याला, देवाशप्पथ, हायसं वाटलं होतं.

बरं, संशय यावा असं काही नव्हतं, हे त्याचं त्यालाही कळत होतं. लंबू सरळ माणूस. खिशात बायकोपोरींचा फोटो, दिसेल त्याला दाखवतो. वहिनी म्हणतो ते तोंडदेखलं म्हणत नाही. संशय आला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटून गेलं. संशय आला की माणसाला भांडता येतं, दार आपटता येतं, चार लोकांना सांगता येतं. हे कुणाला सांगणार? की माझी बायको दुसऱ्याबरोबर सांधा न पाडता भिंत रंगवते? लोक हसतील. म्हणतील, मिस्त्री, पेढे वाटा. पण त्याचा जळफळाट होत होता, अगदी तळपायापासून. त्या दोघांच्या चालीत एक श्वास होता. तो ज्या जागी इतकी वर्षं उभा होता ती जागा लंबूनं भरली एवढंच असतं तर त्यानं सोसलं असतं. पण लंबूनं ती जागा भरून दाखवली तेव्हा कळलं की आधी ती रिकामीच होती. सांधा आपल्यात होता. आणि तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती गप्प राहिली, ‘हात चालव’ ऐकून घेतलं, कपाटाच्या बाजूची रेघ ओल्या स्पंजनं पुसून पुसून झाकत राहिली, आणि घरी येऊन त्याच्या खांद्याला तेल चोळत राहिली. ही दया त्याला कुणी मागितली होती? तो उठला. ‘जातो दुकानात,’ म्हणाला. ‘बरं,’ दोघंही एकदम म्हणाले, आणि एकदम म्हणालो म्हणून परत हसले.

रंगाचं दुकान ही एकच जागा उरली होती जिथं तो अजून मिस्त्री होता. खांदा गेल्यावर बायकोनंच हा मार्ग काढला होता, की काम आम्ही करतो, सामान तुम्ही निवडा, त्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं. आणि ते खोटं नव्हतं. दुकानाच्या मागच्या भिंतीला रोलर टांगलेले असायचे आणि तो त्यांच्यासमोर उभा राहिला की गिऱ्हाईकं आपसूक बाजूला सरायची. फोमचा रोलर तो हातातही घेत नसे, बुडबुडे सोडतो मेला. आखूड लवेचा सपाट भिंतीला. खडबडीत भिंतीला लव लांबच हवी, नुसती लांब नाही, दाट, दाबली की बोटाखालून लगेच उठणारी. तरच ती खळग्यात उतरते आणि एका बुडवणीत पुरा पट्टा ओढते. ती तो गालावर फिरवून बघायचा. लोक हसायचे, पण गाल फसत नाही. ‘या मिस्त्री!’ दुकानदार म्हणाला. ‘खांदा काय म्हणतोय?’ ‘म्हणतोय काय. त्याचं तेच.’ ‘पण तुमचं काम गाजतंय हां. डॉक्टरीणबाई आल्या होत्या. म्हणाल्या, हॉलची भिंत बघायला या. म्हणाल्या, जोडी काय जमलीय हो दोघांची!’ आणि दुकानदार त्याच्याकडं असा कौतुकानं बघत राहिला, जसं काही हे ऐकून त्याला आनंदच व्हावा. ‘जमलीय खरी,’ तो म्हणाला. जोडी. इतक्या वर्षांत त्याला आणि बायकोला कुणी जोडी म्हटल्याचं त्याला आठवेना. मिस्त्री आणि त्याची बायको, असं म्हणत.

रंगाशी त्यानं बेइमानी केली नाही. डॉक्टरीणबाईंनी विटकरी रंग पसंत केला होता. दुकानदार चकचकीत काढू लागला तर त्यानं हात आडवा केला. चकाकी खडबडीत भिंतीला शोभत नाही, प्रत्येक उंचवटा डोळ्यात जातो. बिनचकाकीचाच घेतला, डबे एकाच घाण्यातले आहेत का तेही आकडे वाचून बघितलं. मग तो रोलरपाशी गेला. दाट लवेचा नेहमीचा रोलर नेहमीच्या खिळ्याला होता. त्याच्या शेजारी दुसरा, दिसायला सख्खा भाऊ, लवही जवळजवळ तेवढीच, फक्त विरळ. पहिला अर्धा तास हा दुसरा अगदी झकास चालतो. मग जाड रंगानं त्याची लव बसते. बसलेली लव रंग धरत नाही, पट्टा निम्म्यातच सुकतो, पुन्हा बुडवा, पुन्हा बुडवा, तोवर कड वाळते. लंबूला हे कळणार नाही, तो सपाट भिंतीतला माणूस. त्याला फक्त आपला हात जड झाल्यासारखा वाटेल. आणि सांधा पडेल. एक सांधा, बस्स. त्या दोघांच्याही भिंतीत सांधा पडतो एवढं एकदा दिसलं की झालं. मग इतकी वर्षं पडत होता तो सांधा एकट्या याचा नव्हता, असल्या भिंतीत तो पडतोच, जातीनंच पडतो, असं निदान स्वतःला तरी सांगता येईल. हा विचार त्यानं असा सरळ केला नाही, माणूस असले विचार सरळ करत नाही. त्याचा हात गेला, एवढंच. ‘हा?’ दुकानदार म्हणाला. ‘अहो, तुम्हीच मला सांगितलं होतंत, हा जाड रंगात टिकत नाही म्हणून.’ ‘खोली लहान आहे. चालेल.’ ‘बघा बुवा. मिस्त्री तुम्ही.’

नवा रोलर धुवावा लागतो, नाहीतर त्याचे सुटे केस भिंतीला चिकटतात. हे कामही आता त्याच्याकडंच होतं. घरी येऊन तो न्हाणीघरात बसला आणि कोमट पाण्यात, साबण लावून, त्यानं तो नालायक रोलर असा मायेनं धुतला की लहान मुलाचं डोकं धुवावं. केस काढले, लव एका दिशेनं विंचरली. पाण्यात भिजल्यावर विरळपणा उघडा पडला, लवेच्या मुळाशी कापड दिसायला लागलं. टाकून द्यावा का? परत जावं, दुसरा आणावा, दुकानदाराला काहीतरी सांगता येईल. तेवढ्यात बायको आली. डोक्याचं फडकं सोडत दारात उभी राहिली, चेहऱ्यावर, भुवईत, कानाच्या पाळीला रंगाचे ठिपके. दमलेली, पण ती दमणूक अंगाला शोभणारी, मनासारखं काम झालेल्या माणसाची. ‘अहो, त्या खांद्यानं कशाला पिळताय? द्या इकडं, मी पिळते.’ ‘झालंय,’ तो म्हणाला आणि त्यानं रोलर चक्क पाठीशी नेला. ‘बघू तरी.’ ‘काय बघायचंय त्यात?’ ‘खरंच की,’ ती म्हणाली, ‘तुम्ही आणलाय म्हटल्यावर काय बघायचंय.’ आणि हात धुवायला वाकली. त्यानं तो रोलर दोरीवर टांगला. त्याच्या मनात आलं, हिनं हट्ट करायला हवा होता, हातातून ओढून घ्यायला हवा होता. तिनं विश्वास ठेवला याचाही त्याला राग आला. आता याला काय म्हणावं!

जेवताना ती बोलत होती. लंबूच्या धाकटीनं घरातल्या भिंतीवर कोळशानं घोडा काढला, तर लंबू म्हणाला, राहू दे, घोडा बरा आलाय. लंबूला म्हणे उंचीमुळं लहानपणी नाटकात नेहमी झाडाचं काम द्यायचे. ‘झाड!’ ती म्हणाली आणि घास हातात धरून हसत राहिली. लंबू असा, लंबू तसा. त्याच्या स्वतःबरोबर ती कामावरून येताना काय बोलायची? त्यानं आठवून बघितलं. सामानाचं बोलायचे. कुठल्या घरमालकाचा कटकट्या स्वभाव, ते बोलायचे. मग तो म्हणाला, अगदी ताटाकडं बघत, ‘हॉलच्या भिंतीत सांधा नाही पडलेला.’ ती हसायची थांबली. तिनं पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडं केला. ‘नवा आहे ना तो,’ ती म्हणाली, ‘घाई घाई करतो. म्हणून जमलं असेल.’ इतक्या पटकन, इतकं गोड खोटं ती बोलली की त्याला तिच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. बोल ना. म्हण ना एकदा, की तुमचा हात जड होता. भांड माझ्याशी. ती भांडली असती तर तो हरला असता, पण निदान दोघं एका जागी उभी राहून हरजीत झाली असती. ती परत मागं उभी होती, रोलर उचलून, तो पुढं येईपर्यंत थांबलेली. सांगून टाकायला एवढीच फट होती: रोलर बरोबर नाही, उद्या वापरू नका. सहा-सात शब्द. त्यानं घास घेतला आणि ताट संपवलं.

सकाळी बायकोनं सामान पिशवीत भरलं. रोलर दोरीवरून काढला आणि बोलता बोलता, न बघता, पिशवीत टाकला. ती गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. त्यानं खांदा शेकला. गॅलरीतल्या कठड्याचा पोपडा नखानं काढत बसला. आता त्यांनी ट्रेमध्ये रंग ओतला असेल. आता पहिला पट्टा. आता लंबू म्हणत असेल, आल्या का वहिनी. लव बसायला लागली असेल एव्हाना. त्याला दोन गोष्टी एकदम हव्या होत्या, सांधा पडावा आणि पडू नये, आणि या दोन गोष्टी छातीत अशा घासत होत्या की बसवेना. जायचं काही कारण नव्हतं. कारण नाही तर नाही, माणूस आपल्या बायकोच्या कामावर जाऊ शकतो. चप्पल घालून तो निघाला, आधी हळू, मग भराभर, शेवटच्या वळणावर तर जवळजवळ पळतच.

दार उघडंच होतं. आत गुणगुणणं ऐकू येत नव्हतं. तो पाय न वाजवता त्या लहान खोलीच्या दाराशी आला आणि त्यानं आधी भिंत बघितली, माणसं नंतर. विटकरी रंग अर्ध्या भिंतीवर सुरेख उठलेला, आणि मग मध्यावर, छतापासून जमिनीपर्यंत, एक रेघ. बॅटरी लागायची नाही, पडदे ओढायला नकोत, आंधळ्यालाही दिसावी अशी उभी, जाड, ओबडधोबड रेघ. त्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, आतून, मनापासून बरं वाटलं. कित्येक दिवसांत खांदा असा हलका झाला नव्हता. पडला. यांच्यातही पडला. लंबू घामानं निथळत ट्रेपाशी वाकलेला, आणि बायको रेघेसमोर उभी. तिनं स्पंजनं कडेला दाबून बघितलं, मग स्पंज खाली ठेवला. ‘माझं चुकलं रे,’ ती लंबूला म्हणाली. ‘मी मागं राहिले.’ अगदी सवयीच्या आवाजात. ते ऐकून दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कळलं की हे वाक्य किती घरांत, किती भिंतींसमोर त्यानं ऐकलंय, याच आवाजात, आणि दर वेळी ऐकून ‘मग हात चालव’ म्हटलंय. लंबू ताठ झाला. ‘छे हो वहिनी!’ तो म्हणाला. ‘तुम्ही कशाला मागं राहताय? तुम्ही उभ्याच होता की माझ्यासाठी. हात माझा रेंगाळलाय. मला कळत होतं, रंग चढेना, म्हणत होतो चढेल चढेल. तुमच्या अंगावर घेऊ नका. माझीच चूक.’

इतकंच. घाम पुसता पुसता, काही विशेष न बोलल्यासारखं तो बोलला आणि परत वाकून ट्रेमधला रंग ढवळायला लागला. बायको हलली नाही. तिची पाठ दाराकडं होती, तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, पण मानेवरचं फडकं, खांदे, लोंबकळणारा हात, सगळं एकाएकी सैल झालेलं दिसत होतं. तिनं मनगटानं डोळे पुसले. रंगाचा हात होता म्हणून मनगटानं. त्याच्या अंगातलं बरं वाटणं कुठल्या कुठं गेलं. जळणं म्हणजे काय हे काल त्याला कळलं असं त्याला वाटलं होतं. काल ते काहीच नव्हतं. एवढं सोपं होतं ते? तोंड उघडायचं आणि म्हणायचं? कुणी मेलं नाही, छत पडलं नाही. एवढ्यासाठी ती इतकी वर्षं उभी होती आणि परक्या माणसानं येऊन ते तिला सहज, फुकट, ट्रे ढवळता ढवळता देऊन टाकलं.

मग ती वाकली आणि लंबूच्या हातातून तिनं रोलर घेतला. दोन बोटांत लव दाबली. सोडली. लव उठली नाही, दाबली तशीच चिकटून राहिली. तिनं परत एका बाजूला दाबून बघितलं, मुळाशी दिसणाऱ्या कापडावरून अंगठा फिरवला, आणि वळली. तो दारात होता. ती दचकली नाही. त्याच्याकडं बघत राहिली, रागानं नव्हे. ती वाट बघत होती. हा तो चेहरा, त्याच्या मनात आलं, पाठीमागं असायचा तो. ‘अरे, दादा!’ लंबूनं मान वर केली. ‘बरं झालं आलात. बघा ना काय झालंय.’ त्यानं वहिनींच्या हातातल्या रोलरकडं बघितलं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ‘लव बसलीय होय? तरीच! दादा, तुम्हाला फसवलं त्या दुकानदारानं. हलका माल गळ्यात मारला.’ बायको अजून बघत होती. तोंड उघडायचं आणि म्हणायचं. दुकानदाराचा तो विचारणारा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून गेला. ‘हो,’ तो म्हणाला. ‘फसवलं दिसतंय.’

‘असं होय,’ बायको म्हणाली. तिनं मान हलवली, रोलर कडेला वर्तमानपत्रावर नीट आडवा ठेवला. तिचा आवाज अजिबात चढला नाही, उलट आजाऱ्याशी बोलावं तसा मऊ झाला. ‘मग आजपासून सामान मीच बघून आणत जाईन. लंबू, आपण जाता जाता घेऊ. तुम्ही कशाला हेलपाटे घालायचे? फसवतात लोक.’ ‘मी बदलून आणतो की,’ तो म्हणाला, ‘आत्ता जातो. मला कळतं त्यातलं.’ ‘कळतं हो. पण नको.’ तिनं पिशवीतून खरवडायची पाती काढली, एक लंबूला दिलं, एक स्वतः घेतलं. ओल्या रंगात पात्याचा खर्रर्र आवाज सुरू झाला. सांध्याच्या दोन्ही अंगांनी दोघं खरवडत होती, विटकरी ढेकळं खालच्या कापडावर पडत होती, आणि भिंत उघडी पडत चालली होती. पिशवीत तिसरं पातं होतं. त्यानं ते काढलं, पुढं होऊन डावा हात भिंतीला टेकला. ‘ठेवा ते,’ ती न वळता म्हणाली. ‘खांदा धरेल तुमचा.’ ‘बसा हो दादा,’ लंबू म्हणाला, ‘आम्ही आहोत ना.’ आणि उलटी घातलेली बादली त्यानं लांब पायानं त्याच्याकडं सरकवली. पातं पिशवीत परत ठेवून तो बसला.